चिठ्ठ्या टाकून मासेमारी
समुद्र सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. नफा दिसला की बोटी वाढतात, नफा संपेपर्यंत वाढतच राहतात, असं स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थतज्ज्ञानं १९५४ मध्ये मांडलं. तुर्कस्तानातल्या अलान्याच्या शंभरेक मच्छीमारांनी ते बहुधा वाचलं नसावं. जागेवरून हाणामाऱ्या झाल्यावर त्यांनी जाळी टाकायच्या जागा नेमल्या आणि दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकल्या. जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेला सरके, पुढे मेपर्यंत पश्चिमेला. कारण मासळी याच्या उलट दिशेनं फिरते. घुसखोर पकडायला इन्स्पेक्टर नको, चांगल्या जागेचा त्या दिवसाचा मालक पहाटेच तिथे हजर! एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात ही व्यवस्था मांडली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पर्ससीन या मोठ्या जाळ्यांनी होणाऱ्या मासेमारीवरचा आपला वाद मात्र परवाने आणि गस्तीनौकांभोवतीच घुटमळतोय.