गोदामातील पाहुणा

दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते. जालना जिल्ह्यातील हसनाबाद येथे एका भुसार व्यापाऱ्याच्या गोदामात नव्या मक्यासाठी जागा करण्याचे काम चालले होते. जुन्या पोत्यांची थप्पी हलविताना हमालांना भिंतीलगत कापसाच्या बोंडासारखा पांढरट गोळा दिसला. जवळ जाताच त्यातून सापाच्या फूत्काराप्रमाणे आवाज आला. ते घुबडाचे पिल्लू होते. एक डोळा मिटलेला, मान कलंडलेली आणि चोचीच्या कडेला रक्ताचा वाळलेला ठिपका.

"शेठ, ऐन सणाच्या तोंडावर हे अपशकुनी पाखरू घरात नको. बाहेर टाकून येतो," एक हमाल म्हणाला. दुसऱ्याने हळूच सुचविले की अमावास्येच्या आधी अशा पाखराला चांगले पैसे मोजणारे लोक असतात. शेठजींनी दोघांनाही गप्प केले. "आपल्या छपराखाली आलेला जीव आहे. विकायचाही नाही आणि टाकायचाही नाही," एवढेच ते म्हणाले.

शेठजींच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या घरात. त्यांचा नियम सर्व गावाला ठाऊक होता. दुकानात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर गावाबाहेर नेऊन सोडल्याशिवाय त्या पाणी घेत नसत. पिल्लू घरी येताच त्यांनी कोमट दूध मागविले आणि कापसाच्या वातीने ते त्याच्या चोचीत सोडू लागल्या. पहिले दोन थेंब गेले. तिसऱ्याला पिल्लाला ठसका लागला, अंग ताठ झाले आणि मान पुन्हा कलंडली. शाळेतून आलेला नातू रडू लागला. आजींचे हातही थांबले.

नातवाने शाळेत ऐकलेला वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरविला. पलीकडून पहिली सूचना मिळाली ती दूध थांबविण्याची. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि अशक्त पिल्लाच्या चोचीत ओतलेला कोणताही द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात सुती कापड अंथरावे, पिल्लाला अंधारात, उबेत आणि शांततेत ठेवावे, वारंवार उघडून पाहू नये आणि वनरक्षक येईपर्यंत काहीही भरवू नये, असे त्यांना सांगण्यात आले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घुबडाला संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. म्हणून पुढची व्यवस्था वन विभागामार्फतच व्हावयास हवी होती.

संध्याकाळी वनरक्षक पशुवैद्यकांना घेऊन आले. पिल्लू गव्हाणी घुबडाचे निघाले. हा पक्षी जुन्या वाड्यांत, माडीवर आणि गोदामांच्या आढ्यावर राहतो. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा ही त्याची ओळख. मादी एका वेळी चार ते सात अंडी घालते. पिल्ले एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एकाच घरट्यात थोरली-धाकटी भावंडे असतात आणि अन्न अपुरे पडले की सर्वांत धाकटे मागे राहते. पण या पिल्लाच्या तोंडाचा आतला भाग फिकट पडला होता आणि चोचीपाशी रक्त होते. डॉक्टरांनी शेठजींकडे पाहिले.

"गोदामात उंदीर मारण्याचे औषध टाकता का?"

"मुळीच नाही," शेठजी उत्तरले. आजींना तर तो प्रश्नच लागला.

मुनीमजी मात्र खाली मान घालून उभे होते. तीस वर्षे त्यांनी त्या पेढीचे हिशेब चोख ठेवले होते. "चार वर्षांपासून टाकतो," ते अखेर म्हणाले. "दर हंगामात दहा-वीस पोती कुरतडली जात होती. आईसाहेबांना दुःख नको म्हणून सांगितले नाही. खर्च 'गोदाम देखभाल' या खात्यात दाखविला."

डॉक्टरांनी शांतपणे उलगडा केला. उंदरांसाठी मिळणारी बरीचशी औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो मंद होत हिंडतो आणि घुबडाला सहज सापडतो. आई-बाप तो पिल्लांना आणून देतात आणि विष पुढच्या पोटात जाते. या पिल्लाच्या बाबतीत तसेच घडले असावे. त्यांनी के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, कातडीखाली क्षाराचे द्रव सोडले आणि पुढील तीन दिवस निर्णायक असल्याचे सांगितले.

त्यानंतर आजींनी तो प्रश्न विचारला, जो घरातील प्रत्येकाच्या मनात होता. "हे खाणार काय?"

"मांस," डॉक्टर म्हणाले. "दुसरे काही त्याला चालत नाही. घुबड उंदीर सबंध गिळते. त्यातील हाडांतून त्याला चुना मिळतो आणि केस-हाडांचा उरलेला गोळा ते तोंडावाटे बाहेर टाकते. पोळी किंवा भात दिलात तर ते पोट भरूनही उपाशी मरेल."

हा पेच केवळ त्या घराचा नव्हता. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. हजारो कबुतरे, पोपट आणि चिमण्या तेथे बऱ्या होऊन उडाल्या. घार, ससाणा, घुबड यांसारख्या मांसाहारी पक्ष्यांवर तेथे उपचार होतात, पण त्यांना ठेवून घेण्याची प्रथा नाही, कारण त्यांना मांस भरवावे लागते. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या भावांनी पतंगाच्या मांजाने जखमी होणाऱ्या घारींची शुश्रूषा घरच्या तळघरात सुरू केली. त्यांच्या कार्यावर शौनक सेन यांनी तयार केलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ साली कान महोत्सवात गौरविला गेला. एकाच शहरात एका ठिकाणी व्रताची मर्यादा पाळली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी त्या मर्यादेबाहेर राहिलेल्या जीवांना आसरा मिळाला. दोघांच्याही हातून जीवच वाचले.

हसनाबादच्या घरानेही आपली मर्यादा ओळखली. पिल्लू वनरक्षकांच्या ताब्यात गेले आणि भरविण्याचे काम त्यांनी पत्करले. खोके, औषधे आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांचा खर्च शेठजींनी उचलला. पिल्लाला तेथे काय देतात हे आजींनी विचारले नाही, परंतु त्यांना ते ठाऊक होते. त्यांनी तीन दिवस एकाशन केले. सुनेने कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पिल्लासाठी नाही. मी एकेक उंदीर गावाबाहेर सोडत होते आणि माझ्याच गोदामात चार वर्षे किती मेले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्यासाठी."

त्या रात्री शेठजींनी 'गोदाम देखभाल' हे खाते पहिल्या पानापासून वाचून काढले. मुनीमजींना ते रागावले नाहीत. पोती का कुरतडली जातात हे आपण कधी विचारले नव्हते आणि नुकसान कमी का झाले हेही विचारले नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली. दयेचा नियम घरात पाळला गेला, पण त्याचा जमाखर्च गोदामापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सफाई सुरू झाली. औषधाच्या उरलेल्या वड्या आणि कोपऱ्यांत ठेवलेले तुकडे गोळा करून बंद डब्यात भरले आणि ते सुरक्षितपणे नष्ट करण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाठविले. भिंतींच्या बुडाशी असलेली बिळे सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजविली. दारांच्या खाली पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचली. सांडलेले धान्य रोज झाडण्याचा नियम झाला. उंदराला आत शिरता आले नाही आणि खायला मिळाले नाही, तर त्याला मारण्याची वेळच येत नाही.

आढ्यावरचे घरटे तसेच राहू दिले. मलेशियातील पामच्या मळ्यांत तसेच इस्रायल आणि जॉर्डनच्या शेतांत विषाऐवजी गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसविल्या जातात, हे डॉक्टरांनी सांगितले होते. आजींना त्यातील लाभाचे गणित रुचले नाही. "पाखरू आपल्या स्वभावाने जे करील ते करील. आपण त्याला कामाला लावायचे नाही आणि हाकलायचेही नाही," असा त्यांनी निकाल दिला. पिल्लू पुन्हा पडू नये म्हणून सुताराने घरट्याच्या कडेला एक आडवी फळी तेवढी ठोकली.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने मिटलेला डोळा उघडला. पाचव्या दिवशी ते वनरक्षकांच्या हातमोज्यावर चोच आपटू लागले. नवव्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, शिडी लावून त्यांनी ते घरट्यात परत ठेवले. माणसाचा हात लागलेले पिल्लू आई टाकून देते, ही समजूत खरी नाही. पक्षी पिल्लाला मुख्यतः त्याच्या हाकेवरून आणि जागेवरून ओळखतो.

गोदामाचे दिवे मालवून सगळे बाहेर ओट्यावर बसले. तासाभराने आढ्याच्या झरोक्यातून एक पांढरी सावली आत शिरली, पंखांचा जराही आवाज न करता. मग आतून फूत्कार ऐकू आले, पहिल्यांदा दोन-तीन, नंतर त्यांत मिसळलेला आणखी एक, थोडा बारीक.

"चार आहेत," नातू कुजबुजला. "आजी, आता चार आहेत."

आजींनी हात जोडले. मुनीमजी बराच वेळ झरोक्याकडे पाहत राहिले. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन झाले, तेव्हा 'गोदाम देखभाल' या शीर्षकाखाली त्यांनी पहिल्याच ओळीत पत्र्याच्या पट्ट्या, सिमेंट आणि सुताराची मजुरी असा खर्च लिहिला, वेगवेगळा आणि पूर्ण तपशिलासह, आणि वही सहीसाठी आईसाहेबांपुढे ठेवली.