चार विजय, दहा पराभव आणि हुर्यो

सीमारेषेवरून : खालापूरकर

मुंबई इंडियन्सच्या दोन मोसमांचा हिशेब एकाखाली एक मांडून बघा. २०२२ : सामने १४, विजय ४, पराभव १०, गुण ८, दहा संघांत दहावा. २०२४ : सामने १४, विजय ४, पराभव १०, गुण ८, दहा संघांत दहावा. धावगतीचा फरक सोडला तर वरची ओळ कुठल्या सालची आणि खालची कुठल्या, हे ओळखता येऊ नये. तरी पहिल्या वेळी लोकांनी संघाला सांभाळून घेतलं आणि दुसऱ्या वेळी स्वतःच्याच मैदानावर स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. पराभव तेवढेच होते, मग राग कशाचा होता?

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रेक्षक हरण्यावर फारसा चिडत नाही, हरण्याची त्याला सवय असते. त्याला न विचारताच वर कुणीतरी ठरवून टाकलं आणि त्याचं कारणसुद्धा दिलं नाही, की मात्र तो बिथरतो.

२०२२ आठवा. करोनाच्या भीतीने साखळीचे सगळे सामने महाराष्ट्रातच घेतले होते. मुंबईत वानखेडे आणि ब्रेबॉर्न, नेरुळला डी. वाय. पाटील आणि घाटावर गहुंजे. म्हणजे सगळी आयपीएल आमच्या एक्स्प्रेसवेच्या दोन टोकांना आली होती. मुंबईला यापेक्षा घरचं वातावरण मिळणं शक्य नव्हतं. आणि झालं काय? पहिले आठ सामने ओळीने हरले. आयपीएलमध्ये मोसमाची अशी सुरुवात तोवर कोणत्याही संघाची झाली नव्हती.

त्यातले तीन पराभव गहुंजेचे, ६, ९ आणि १३ एप्रिलचे. खोपोलीची पोरं घाट चढून तासाभरात तिथे पोहोचतात, त्यामुळे आमच्याकडे या तिन्हींचे साक्षीदार मुबलक आहेत. सहा तारखेचा सामना तर ऐकवूनच सोडतात. कोलकात्याला १६२ करायच्या होत्या, निम्मा संघ १०१ वर बाद झाला होता आणि पॅट कमिन्स नावाचा गोलंदाज फलंदाजीला आला. डॅनियल सॅम्सच्या एका षटकात ३५ धावा गेल्या. कमिन्सने १४ चेंडूंत अर्धशतक केलं आणि चार षटकं शिल्लक असताना सामना संपला. पंधरा दिवसांनी नेरुळला शेवटच्या चार चेंडूंत १६ हव्या असताना धोनीने उनाडकटला षटकार, चौकार, दोन धावा आणि पुन्हा चौकार मारला. सचिनच्या वाढदिवशी, २४ एप्रिलला वानखेडेवर के. एल. राहुलने आठवड्याभरात मुंबईविरुद्धचं दुसरं शतक ठोकलं, तो आठवा पराभव. पहिला विजय मिळाला ३० एप्रिलला, कर्णधार रोहित शर्माच्या वाढदिवशी. त्या मोसमात रोहितच्या नावावर १४ सामन्यांत २६८ धावा आहेत, अर्धशतक एकही नाही.

एवढं होऊनही रोहितला कुणी नावं ठेवली नाहीत. थट्टा झाली, मोबाइलवर चित्रं फिरली, वडापावच्या गाडीवर ‘आज कोण आलंय आपल्याला हरवायला?’ असं विचारून झालं. पण चिडचीड अशी नव्हती. संघ कुठे हरला हे लोकांना ठाऊक होतं. तो फेब्रुवारीत बंगळुरूच्या लिलावातच हरला होता. नियमाने चारच खेळाडू ठेवता येत होते, म्हणून रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले. हार्दिक, कृणाल, बोल्ट, डी कॉक हातचे गेले. मग इशान किशनवर सव्वापंधरा कोटी ओतले आणि जोफ्रा आर्चरवर आठ कोटी. आर्चर जायबंदी होता, त्या वर्षी खेळणारच नव्हता, हे बोली लावणाऱ्यांनाही माहीत होतं. असं धाडस पैसेवाल्यांनीच करावं. तरी हे सगळं उघड्यावर घडलं होतं, टीव्हीवर दिसलं होतं, नियम सगळ्यांना सारखे होते. त्यामुळे चूकही घरचीच वाटली. शेवटच्या सामन्यात २१ मे रोजी दिल्लीला हरवून त्यांना बाद फेरीबाहेर ढकललं, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले. दहाव्या क्रमांकाचे फटाके!

आता जरा आमच्याबद्दल. खालापूर-कर्जतवाले या बाबतीत विचित्र जागी बसलेले आहेत. खोपोलीची लोकल मुंबईला जाते. पण आमचा पोरगा जिल्ह्याकडून खेळू लागला, तर रायगडची संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला जोडलेली. म्हणजे पास मुंबईचा आणि निवड चाचणी पुण्याची. उद्या इथला कुणी रणजीला पोहोचलाच, तर तो महाराष्ट्राकडून खेळेल, आणि त्याच्या घरचे वानखेडेवर निळा टीशर्ट घालून जातील. पुण्याचा संघ आमचा व्हायला कागदोपत्री काहीच अडचण नव्हती. तो आला होताही. पुणे वॉरियर्स, २०११ ते २०१३. तीन मोसम, ४६ सामने, १२ विजय. विजयांची वाटणी इतकी शिस्तीची की दर मोसमाला बरोबर चार! क्रमांक अनुक्रमे नववा, नववा आणि आठवा. दुसऱ्या वर्षी तर संघच नऊ होते. मालक सहाराने मे २०१३ मध्ये अंग काढून घेतलं आणि संघ गेला. कोणी हळहळल्याचं मला आठवत नाही. त्या संघावर आमच्याकडे कोणी रागावलंही नव्हतं. राग यायला आधी माणूस आपला लागतो.

हार्दिक पंड्या तसा आपला होता. २०१५ ते २०२१ मुंबईकडून खेळला, चार विजेतेपदांत त्याचा वाटा. गुजरातला गेला, पहिल्याच वर्षी त्यांना जिंकवून दिलं, दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत नेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो परतला तेव्हा इथे आनंदच झाला. १५ डिसेंबरला जाहीर झालं की रोहितच्या जागी तोच कर्णधार. क्रिकेटच्या हिशेबाने हा निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला नव्हता, आजही वाटत नाही. रोहित छत्तीस वर्षांचा होता, हार्दिक तिशीचा, आणि करंडक उचललेला. पण पाच विजेतेपदं देणाऱ्या कर्णधाराला एका निवेदनात बाजूला सारलं, आणि का, ते विचारायची सोय ठेवली नाही.

सोय ठेवली नाही, हे मी शब्दशः म्हणतोय. मोसमाच्या तोंडावर, १८ मार्च २०२४ ला, मुंबईत पत्रकार परिषद झाली. हार्दिक आणि प्रशिक्षक मार्क बाउचर शेजारी शेजारी बसले होते. रोहितला का बदललं, असा सरळ प्रश्न आला. बाउचर बोलले नाहीत, नुसती मान हलवली. सगळ्या देशाने ते पाहिलं. मालकांपैकी त्या टेबलावर कोणी नव्हतं. माझ्या मते मुंबईचा तो मोसम तिथेच बिघडला.

अहमदाबादेत पहिल्या सामन्यात हुर्यो उडाली, ती समजू शकते. सोडून गेलेल्याचं स्वागत असंच होतं. पण १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीला हार्दिकचं नाव घेतलं आणि मैदान उठलं. संजय मांजरेकरांना माइकवरून घरच्या प्रेक्षकांना ‘नीट वागा’ म्हणायची वेळ आली. एक चेंडूही पडला नव्हता. मग बोल्टने रोहित, नमन धीर आणि ब्रेव्हिस या तिघांना पहिल्याच चेंडूवर घालवलं आणि सामना गेलाच. क्षेत्ररक्षण करताना रोहितने हात खाली करून लोकांना थांबा म्हटलं. दहा दिवसांनी विराट कोहलीने तेच केलं, तो तर पाहुणा! १४ एप्रिलला धोनीने हार्दिकच्या शेवटच्या षटकात ओळीने तीन षटकार मारले आणि चेन्नई बरोबर २० धावांनी जिंकली. त्या दिवशी रोहितने नाबाद शतक केलं होतं. लोकांना जे सिद्ध झालेलं हवं होतं ते त्यांच्या मते सिद्ध झालं.

स्वतःच्या खेळाडूची हुर्यो उडवणं ओंगळ आहे, त्याची वकिली मी करणार नाही. ज्याने निर्णय घेतलाच नव्हता त्याला सगळा मोसम तो भोगावा लागला. पण प्रेक्षकांकडे दुसरं काय होतं? मालक काचेआड बसतात, तिथवर आवाज जात नाही. बरं, शेवटचा क्रमांक आल्याने त्यांचं फारसं बिघडतही नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. आयपीएलमध्ये कोणी कुठे जात नाही. प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना गेले आहेत आणि त्यातला वाटा दहाव्या संघालाही मिळतो. पराभवाचं बिल फाटतं ते तिकीट काढणाऱ्याच्या आणि कर्णधाराच्या नावावर.

अमेरिकेत यापुढची मजल आहे. तिथे त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून अंगावर जाणाऱ्या त्या खेळात, तळाच्या संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना पहिला हक्क मिळतो. क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने २०१६ मध्ये सोळा सामन्यांपैकी एक जिंकला. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी तळ्यात उडी मारीन. २०१७ मध्ये सोळापैकी सोळा हरले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खरोखरच ईरी सरोवरात उडी मारली. त्याआधी जानेवारीच्या गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोकांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, ‘परिपूर्ण मोसमा’ची. शून्य विजयांची मिरवणूक! आपल्याकडे गणपतीतसुद्धा एवढ्या थंडपणे कोणी नाचलं नसेल.

यांना हरल्याचं काहीच वाटत नाही असं समजू नका. याच शहराने १९९५ मध्ये काय केलं ते पाहा. मालक आर्ट मॉडेल यांनी मोसम चालू असतानाच संघ बाल्टिमोरला हलवतोय असं जाहीर केलं. घरच्या शेवटच्या सामन्यात लोकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. आणि तो सामना तर ब्राउन्स जिंकले होते! शहराने कोर्टकचेरी केली, संघाचं नाव, रंग आणि इतिहास आपल्याकडे ठेवून घेतला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. सोळा पराभवांना मिरवणूक आणि एका विजयाच्या दिवशी मोडतोड. वानखेडेचा हिशेब मला इथे जुळतो.

हार्दिकचं पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. २९ जून २०२४, बार्बाडोस, विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक, १६ धावा वाचवायच्या, मिलरचा सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल. चार जुलैला विश्वचषक घेऊन संघ वानखेडेवर आला आणि तिथेच ‘हार्दिक, हार्दिक’ घुमलं. लोक विसराळू असतात, असं म्हणून बरेच जण मोकळे झाले. मला ते पटत नाही. २०२५ मध्ये मुंबई पहिल्या पाचपैकी चार सामने हरली होती. कर्णधार तोच होता, पण आदल्या वर्षीसारखी हुर्यो उडाली नाही. मधल्या काळात तोच रोहित कर्णधार आणि तोच हार्दिक गोलंदाज अशा जोडीने विश्वचषक आणलेला लोकांनी पाहिला होता. मुंबईच्या मालकांनी जे सांगायचं टाळलं, ते या दोघांनी परस्पर मिटवलं.

भातकापणी झाली की आमच्याकडे शेतं सपाट करून टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. आता गावोगावी ‘प्रीमियर लीग’ निघाल्या आहेत आणि लिलावही. गेल्या हिवाळ्यात एक लिलाव मी पाहिला. समाजमंदिरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पांढरा फळा, प्रत्येक संघमालकाला खर्चायला गुण, आणि बोली पुकारायला स्पर्धेत समालोचन करणारा पोरगा. एका वाडीचा वर्षानुवर्षांचा यष्टिरक्षक भलत्याच संघाने जास्त बोली लावून नेला. कागदावर सगळं नियमात. पण मागच्या रांगेतून त्याचे काका उठले, ‘आमच्या पोराला विचारलंत का रे कोणी?’ आयोजकाला उत्तर द्यावंच लागलं, कारण तो त्यांच्याच आळीत राहतो आणि सकाळी त्याच नळावर भेटतो. अर्धा तास लिलाव थांबला. तोडगा काही निघाला नाही, पोरगा त्या संघाकडूनच खेळला. यंदाच्या नियमपत्रिकेत मात्र नवी ओळ आली : प्रत्येक वाडीने आपले दोन खेळाडू लिलावाबाहेर ठेवावेत. यष्टिरक्षक घरी परतला, संघ पहिल्याच फेरीत सात गड्यांनी हरला, आणि काका आता सलामीला कोणाला पाठवायला हवं होतं यावर भांडतायत.