टॅबलेट देता, मग वसतिगृह का नाही?

एप्रिल महिना आला की आमच्या वस्त्यांत कंपन्यांच्या फाउंडेशनची माणसं दिसू लागतात. समाजमंदिरात मंच उभा राहतो. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि कंपनीचं बोधचिन्ह त्याहून मोठं असतं. मुलांच्या हातात टॅबलेट दिले जातात, त्यात शिक्षणाचं ॲप आधीच टाकलेलं असतं. फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की अमुक कंपनीने वंचित मुलांना डिजिटल शिक्षणाच्या प्रवाहात आणलं. आपलेच कार्यकर्ते खुर्च्या लावतात, आपलेच तरुण आभार मानतात.

मित्रांनो, आभार मानायच्या आधी थोडा हिशेब करू.

पहिली गोष्ट, हे दान नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता किंवा १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. धम्मात दान ही पारमिता आहे. देणाऱ्याचा अहंकार गळून पडला तरच ते दान. कायद्याने द्यायला लावलेलं आणि लोगो छापून वाटलेलं ते दान कसं होईल? ती जबाबदारी आहे, आणि जबाबदारी पार पाडणाऱ्याला हिशेब विचारायचा असतो.

दुसरी गोष्ट, हा पैसा येतो कुठून? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. आज कंपनीचा नफाही कंत्राटी कामगार, सफाई कामगार, डिलिव्हरी करणारी पोरं यांच्या श्रमातूनच तयार होतो. त्यांच्याच मुलाला टॅबलेट देऊन उपकार केल्याचा आव आणायचा, हा उलटा न्याय झाला.

आता शिक्षणाकडे येऊ. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक ४.४ टक्के घरांत. दोनच वर्षांनी टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली. जून २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी मुलीने ऑनलाइन वर्गाला बसता येत नाही म्हणून जीव दिल्याची बातमी आपण वाचली. त्यानंतर मोबाइल घराघरांत पोचला हे खरं. १४ ते १८ वयोगटावरचा ‘असर २०२३’ अहवाल सांगतो की सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण तोच अहवाल पुढे सांगतो की या वयोगटातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उताराही सलग वाचता येत नाही. फोन आला, वाचन आलं नाही. आणि फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे आहे, मुलींकडे १९.८ टक्के. म्हणजे घरातली विषमता यंत्राने मिटली नाही, ती यंत्राच्या आतही शिरली.

आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेला तीन वर्षांपूर्वी असेच टॅबलेट मिळाले. पहिल्या वर्षाचं इंटरनेट कंपनीकडून होतं. वर्ष संपलं, प्रकल्प संपला, रिचार्जही संपला. ॲपमधले बरेच धडे इंग्रजीत होते, शिकवणारं कुणी नव्हतं. दोन टॅबलेटच्या काचा फुटल्या, त्या दुरुस्त करायला पैसे नव्हते. आज मुलं तिथे येतात ती टेबल, दिवा आणि शांतता यांच्यासाठी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे या तीन गोष्टी मिळत नाहीत. आणि रिचार्जचं म्हणाल, तर धुणीभांडी करणारी आई ज्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरते, त्याच रिचार्जवर मुलाचं शिक्षण उभं करा असं तिला सांगितलं जातं.

काही मित्र म्हणतील, मोबाइलने आपलं भलंही केलंय. मान्य. बाबासाहेबांचे खंड आज फोनवर वाचता येतात, स्पर्धा परीक्षेचं व्याख्यान गडचिरोलीतला मुलगाही ऐकू शकतो. माझं भांडण यंत्राशी नाही. यंत्र दाखवून शाळा, शिक्षक, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्यावरून आपली नजर हटवली जाते, भांडण त्याच्याशी आहे. एकीकडे टॅबलेटवाटपाचे सोहळे होतात. दुसरीकडे २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावं लागतं. त्याच वर्षी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे येतो, आणि देणगीदाराचं नाव सरकारी शाळेला जोडू देणारी दत्तक शाळा योजनाही येते. राज्य मागे सरकतं, कंपनी पुढे येते. कंपनी नको वाटलं तर उद्या निघून जाईल. तिला जाब विचारायला घटनेतलं कुठलं कलम वापरणार? शिक्षणाचा हक्क कलम २१-अ ने राज्यावर बंधनकारक केलाय, फाउंडेशनवर नाही.

हा प्रश्न बाबासाहेबांपुढेही आला होता. पुणे करारानंतर लगेच, ३० सप्टेंबर १९३२ रोजी, अस्पृश्यता निवारणासाठी संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष होते उद्योगपती घनश्यामदास बिर्ला. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी बोटीवरून सरचिटणीस ठक्करांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. एकेका माणसाला सुधारत बसू नका, ज्या परिस्थितीने त्याला खाली दाबलंय ती बदला. विहीर, शाळा, चावडी यांवरचे नागरी हक्क, कामधंद्यात समान संधी, सामाजिक व्यवहार यांवर शक्ती लावा, आणि हे काम करणारी माणसं अस्पृश्य समाजातली घ्या. संघाने तो मार्ग धरला नाही आणि बाबासाहेब त्यातून बाहेर पडले. पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या कामाची चिरफाड केली. त्याच वर्षी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिची सूत्रं आपल्या हातात होती.

आजही तेच दोन प्रश्न आहेत. निर्णय कोण घेतं? आणि नोकरी कुणाला मिळते? १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा निधी राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. बाहेरच्या संस्थेला करसवलतीची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. वस्तीतल्या तरुण मंडळाची अभ्यासिका इथेच बाद होते आणि शहरातली मोठी संस्था आपल्या वस्तीच्या नावाने पैसा घेते. आणि नोकरी? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. पात्रता सारखी, फरक फक्त आडनावाचा. खासगी कंपन्यांकडून दलित नावाच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. शाळेत टॅबलेट देणारं क्षेत्र दारात आलेल्या पदवीधराचं आडनाव बघतं. मग त्या टॅबलेटचा उपयोग काय?

म्हणून यापुढे वस्तीत कुणी टॅबलेट घेऊन आलं तर हाकलू नका, पण अटी घाला. पाच वर्षांचं इंटरनेट, दुरुस्ती आणि मानधनावरचा स्थानिक शिक्षक लेखी मागा. धडे मराठीत आणि आदिवासी भागात तिथल्या भाषेतही मागा. मुलांची माहिती कुठे जाते ते विचारा. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे. निर्णय समितीत वस्तीतल्या बाया आणि विद्यार्थी घ्या. कंपनीत आपल्या समाजाचे किती लोक कुठल्या पदावर आहेत, हेही त्याच मंचावर विचारा.

आणि सर्वांत आधी वसतिगृह मागा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत महिला आणि अनाथांसाठी वसतिगृहं बांधणं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे मुलींचं वसतिगृह कायद्यात बसतं. ते बांधलं जात नाही, कारण वसतिगृह वर्षानुवर्षं चालवावं लागतं आणि टॅबलेट एका दुपारी वाटून होतो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हातात पैसा नसताना १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केलं होतं. कोट्यवधींचा नफा असलेल्यांना ते का जमू नये?

शिष्यवृत्ती, शिक्षक आणि शाळा यांसाठी मात्र मोर्चा सरकारवरच काढायचा. त्या मागणीची जागा कुठल्याही कंपनीच्या टॅबलेटला देऊ नका.

जय भीम!