पाडताना तरी शिकू या
(वास्तुकला परिषदेच्या अध्यक्षांना खुले पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
वास्तुकला परिषद (काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर), नवी दिल्ली



गिरगाव, परळ, लालबाग या भागांतल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझे रोजचे काम. परिषदेच्या नोंदवहीत माझे नाव आहे. ते तिथे राहावे म्हणून वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये नूतनीकरण शुल्काची तरतूद आहे. शुल्क भरले की नाव राहते. पदवी घेतल्यापासून हा माणूस नवे काय शिकला, हा प्रश्न त्या कलमात नाही. तो विचारण्याची व्यवस्था परिषदेने उभी करावी आणि तिचा पहिला वर्ग मुंबईत, पाडकाम चालू असलेल्या एखाद्या चाळीत भरवावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र.

चाळच का, ते आधी सांगतो. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ आले तेव्हा मुंबई शहरात १९,६४२ उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती होत्या. त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. गिरगावातल्या बहुतेक जुन्या चाळींचे हाडपेर एकच: सागाचे खांब आणि तुळया, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, फळ्यांवर चुन्याचा कोबा, वर मंगलोरी कौले. कुठे लाकडाच्या जोडीला लोखंडी जॉइस्ट. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या बीडीडी चाळी मात्र १९२० च्या दशकातल्या, काँक्रीटच्या. दादरला शिवाजी पार्कभोवतीच्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती त्यानंतरच्या, आरसीसी नुकते रुळू लागले होते त्या काळातल्या. म्हणजे चर्नी रोडहून दादरला जाईपर्यंत बांधकामाच्या तीन-चार पिढ्या लागतात, आणि प्रत्येकीचे दुखणे वेगळे.

पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये यातले काय हाती लागते? लाकडाचे सांधे आणि विटांचे बाँड पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शीट्सवर सुबक काढले जातात आणि शीट्सवरच राहतात. पुढे सगळा अभ्यास आरसीसीचा. पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी लालबागच्या एखाद्या चाळीच्या जिन्यावर पहिल्यांदा उभी राहते, तेव्हा समोरचा खांब किती भार घेतो आहे हे सांगणारे तिथे कुणी नसते. असलाच तर टेकू लावायला आलेला जुना सुतार असतो.

याचा परिणाम स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालांत दिसतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते. त्यातून शेरा मिळतो: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा, सी-२ ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती करा, सी-३ म्हणजे किरकोळ काम. अहवालात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल यांचे तक्ते असतात. या चाचण्या काँक्रीटच्या आणि त्यातल्या सळईच्या. लाकडी इमारतीला त्या लावायच्या कुठे? मग उरतात छायाचित्रे: तडा गेलेली भिंत, झुकलेली गॅलरी, छताखाली ओलीचे डाग. चित्र भीषण असते आणि निर्णय त्यावरच होतो.

खरी मेख वेगळीच असते. चांगला साग मधोमध सहसा सडत नाही. सडते ते तुळईचे भिंतीत गेलेले टोक, आणि त्यातही मोरी-संडासाकडचे आधी. ते बाहेरून दिसत नाही. हातोडीचा ठोका, टोकदार सळई, किंवा बारीक भोक पाडून लाकडाचा विरोध मोजणारे यंत्र यांनीच ते कळते. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की चुन्याच्या भिंतीतल्या ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती त्या टोकापाशी मुरत राहते. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामानेच इमारत आतून पोखरली जाते. त्यात घरोघरचे पोटमाळे, लादीवर लादी, खोलीत नव्याने घेतलेले संडास, तळमजल्यावर दुकानासाठी उडवलेली भिंत. हे सगळे तपासायचे तर इमारत खोलीखोलीतून पाहावी लागते. तिथे हॅमरचा आकडा कामाचा नाही.

नुसत्या वयावरूनही काही ठरत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. ती महापालिकेचीच इमारत होती, जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची. १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. त्याआधीच्या ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्तीच सुचवलेली होती. आणि शंभरी ओलांडलेल्या कितीतरी चाळींत आजही माणसे नांदत आहेत. दुसऱ्या बाजूला एकाच इमारतीला मालकाचा ऑडिटर सी-१ ठरवतो आणि भाडेकरूंचा सी-२ ब. मग प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. हितसंबंध असतात हे खरे. विकास नियमावलीतल्या, अशा इमारतींच्या पुनर्विकासाला जादा बांधकाम देणाऱ्या ३३(७) या नियमामुळे सी-१ हा शेरा किती मोलाचा होतो हे मुंबईत शाळकरी पोरालाही कळते. पण दोन प्रामाणिक माणसांतही एवढा फरक पडत असेल, तर त्यामागे न शिकलेला विषय आहे.

अशा जुन्या चाळी आज गिरगाव, परळ, लालबाग भागात एकामागून एक पाडल्या जात आहेत. पाडताना भिंत उघडी पडते, तुळईचे टोक बाहेर येते, पाया दिसतो. अहवालातले खरे-खोटे तपासण्याची ती एकमेव वेळ. रोग्याच्या मृत्यूनंतर निदान बरोबर होते का, हे पाहण्याची शिस्त वैद्यकाने कधीच लावून घेतली. आमच्या धंद्यात राडारोडा उचलला की प्रकरण मिटते. पाडकामवाले साग वेगळा काढतात, कारण जुन्या लाकडाला भाव आहे. अहवालात सडलेल्या ठरलेल्या तुळयांपैकी किती टेम्पोत चढून बाजारात विकल्या गेल्या, हे कुणी मोजत नाही. ते मोजले असते तर आम्ही सगळेच शहाणे झालो असतो.

शिकायची आवड आमच्यात नाही, असेही नाही. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली गेली आणि २०१८ साली नवी आली, तेव्हा ती शिकायला कुणाला सक्ती करावी लागली नाही. ३३(७), ३३(९) हे पुनर्विकासाचे नियम आणि फंजिबल एफएसआय (जादा चटईक्षेत्र) यांवरची व्याख्याने भरतात. ज्यातून काम मिळते ते माणूस स्वतःहून शिकतो. ज्यातून इमारत वाचते, पण फी फारशी मिळत नाही, ते शिकवण्यासाठीच संस्था लागतात.

कौशल्य शहरात नाही, हाही बहाणा चालणार नाही. गिरगावच्या वेशीवरचे रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडले आणि पुढच्या वर्षी त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला तो २००५ सालीच मिळाला होता. चुना, लाकूड, जुने लोखंड हाताळणारी माणसे इथेच आहेत. त्यांचे ज्ञान स्मारकांपर्यंत पोहोचले; शेजारच्या चाळीपर्यंत येण्यासाठी त्याला कुणी वाट करून दिली नाही.

परिषदेने हे करण्याचे एक कारण तिच्या स्वतःच्या हिताचेही आहे. मुकेश गोयल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की, १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवतो, काम नव्हे. नोंदणी नसलेल्यालाही ते काम करता येते, उपाधी मात्र लावता येत नाही. मग लोकांनी त्या उपाधीला किंमत का द्यावी? ती लावणारा माणूस आजवर शिकत आला आहे, एवढे एकच उत्तर देता येते. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० श्रेयांक जमवावे लागतात. ब्रिटनमधली वास्तुविशारदांची संस्था सभासदांकडून वर्षाला ३५ तासांचे शिक्षण मागते. अमेरिकेतली १८ तासांचे, आणि त्यातले १२ आरोग्य, सुरक्षितता आणि लोककल्याण यांवरचे. हॉटेलात सही करायची, कंपनीचे सादरीकरण ऐकायचे, जेवून घरी यायचे, अशा श्रेयांकांची नक्कल मात्र आपल्याला नको.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत.

एक: नोंदणीचे नूतनीकरण ठरावीक तासांच्या शिक्षणाशी जोडावे, आणि त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष इमारतीत घ्यावेत. कायदा बदलावा लागणार असेल तर तो प्रस्ताव केंद्र सरकारकडे पाठवावा. तोवर ऐच्छिक सुरुवात करावी आणि तास पूर्ण करणाऱ्यांची यादी जाहीर करावी.

दोन: म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशी आणि मुंबई महापालिकेशी करार करावा. सी-१ ठरलेली इमारत पाडताना ऑडिटचा अहवाल हातात घेऊन एक तुकडी तिथे असावी. अहवालाने काय म्हटले आणि भिंतीत काय निघाले, याची नोंद मालक-भाडेकरूंची नावे वगळून प्रसिद्ध व्हावी. सुरक्षेचे नियम पाळून हे करता येते.

तीन: शिकवणाऱ्यांत सुतार, गवंडी आणि दुरुस्ती मंडळाचे निवृत्त अभियंते असावेत, आणि त्यांना मानधन मिळावे. मुंबईतले वर्ग मराठीत आणि हिंदीत व्हावेत. साइटवरची भाषा तीच आहे.

चार: शुल्क एकट्याने काम करणाऱ्या वास्तुविशारदाला परवडेल इतके असावे. परिषदेचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र पुण्यात आहे, सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालय, प्रभादेवीची रचना संसद आणि माटुंग्याची व्हीजेटीआय मुंबईतच आहेत. नवी इमारत बांधायची गरज नाही.

ऑडिटवर सही बहुतेक वेळा अभियंत्याची असते आणि अभियंते परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदाच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना महापालिका देते. पण दुरुस्तीचा आराखडा, लोकांना कुठे हलवायचे, काय वाचवायचे आणि काय पाडायचे, हे ठरवताना टेबलाशी वास्तुविशारद असतोच. समोर आलेला अहवाल वाचून योग्य प्रश्न विचारण्याइतके शिक्षण त्याला असले पाहिजे. परिषदेने शिस्त घालून दिली की तीच अट परवान्याच्या नूतनीकरणाला लावा, असे आम्हाला महापालिकेला सांगता येईल. आज तसे सांगायला आमच्याकडे तोंड नाही.

सगळ्या चाळी वाचवा, असे मी म्हणत नाही. कित्येक पाडाव्याच लागतील. त्यांत राहणाऱ्यांना सुरक्षित, प्रशस्त घर मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहावे, असे कुणीच सुचवू नये. पण पाडायची की राखायची, हे ज्ञानाने ठरावे. चुकीचा ‘सुरक्षित’ शेरा माणसे मारतो. चुकीचा ‘धोकादायक’ शेरा कुटुंबांना वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात नेऊन टाकतो. दोन्ही शेऱ्यांची किंमत रहिवासी भरतो, सही करणारा नाही.

दर पावसाळ्याआधी दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पुढची यादी लागण्याआधी पहिला वर्ग भरवा. जागेची सोय गिरगावात होईल, आणि विद्यार्थी म्हणून पहिले नाव माझे लिहून घ्या.

कळावे,
आपला,
गिरगावातला एक नोंदणीकृत वास्तुविशारद