जुना कॅमेरा, जुनीच नजर

रोलच्या कॅमेऱ्यांचे दिवस परत आले आहेत. आजोबांची यशिका कपाटातून बाहेर निघते, सेकंडहँड रोलिफ्लेक्ससाठी हजारो रुपये मोजले जातात, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली हौशी मंडळी आमच्या पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर पोर्ट्रेट काढायला येतात. याला ते ‘प्रयोग’ म्हणतात. प्रयोगाला आमचा विरोध नाही. पण हा प्रयोग कोणावर चालला आहे, हे विचारलंच पाहिजे.

समर्थक सांगतात, फिल्ममुळे माणूस संथ होतो. 120 च्या रोलवर चौकोनी फोटो 12 च निघतात, म्हणून फोटोग्राफर समोरच्याकडे नीट पाहतो. मान्य. मग 12 फोटो काढणाऱ्याला 12 नावं विचारायला वेळ का मिळत नाही? फोटोखाली लिहिलेलं असतं ‘आदिवासी वृद्धा’, ‘श्रमिक’. कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स आणि रोलची कंपनी मात्र न चुकता लिहिलेली असते. यंत्राला नाव आहे, माणसाला नाही.

ही रीत आजची नव्हे. 1857 नंतर इंग्रज सरकारला प्रजा ओळखून ठेवायची होती. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यात फोटो आणि शेजारी जातीचं वर्णन : अमुक जात निष्ठावान, तमुक लबाड. पुढे 1901 च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातीची पायरी सांगितली. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अशा मापांचेच आकडे वापरून अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धांत खोडून काढला. चेहऱ्यावर जात लिहिलेली नसते. ती पाहणाऱ्याच्या डोक्यात असते.

आणि फिल्म तरी कुठे निरागस आहे? लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ असायचं. त्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा होता. तिचा रंग बरोबर आला की फोटो बरोबर! सावळ्या चेहऱ्याचे बारकावे हरवले तरी चालत. आजही चुन्याच्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभं करून लाइट मीटर सांगेल तसा फोटो काढला, तर भिंत धरली जाते आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावरून घ्यावं लागतं. हे न शिकता त्या अंधाराला ‘मूड’ म्हणणं ही कला नव्हे, आळस आहे.

आमच्या घरांतही जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो आहेत. स्टुडिओत जाऊन, ठेवणीतले कपडे घालून, घड्याळ दिसेल असा हात ठेवून काढलेले. भिंतीवर सुटाबुटातले बाबासाहेब होतेच. कसं दिसायचं हे तिथे बसणाऱ्याने ठरवलं होतं. पोर्ट्रेटचा खरा प्रयोग तो होता.

पाहणाऱ्याची नजर बदलता येते, हे सुधारक ओलवे यांनी दाखवलं आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे कृष्णधवल फोटो पाहून कोणी ‘काय टेक्स्चर आहे!’ म्हणत नाही. हे काम एकाच समाजाच्या वाट्याला का, हा प्रश्न पडतो.

म्हणून वाडीवर येणाऱ्यांना आमचं सांगणं सरळ आहे. आधी विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तर असेल तर कॅमेरा मिटा. कोणते कपडे, कुठे बसायचं, हसायचं की नाही, हे समोरच्याला ठरवू द्या. त्याला हवं असेल तर फोटोखाली त्याचं पूर्ण नाव लिहा. प्रिंट विकली तर त्यातला वाटा द्या. आणि निगेटिव्ह तुमच्याकडे राहिली तरी एक चांगली प्रिंट त्या घराच्या भिंतीवर लागली पाहिजे.

एवढं जमत नसेल, तर रोल वाया घालवू नका. फिल्म महाग झाली आहे. आमची माणसं स्वस्त नाहीत.

जय भीम.