स्वस्ताईची मर्दुमकी

२०२५ च्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. मुलगा गुणी, आता शहरात चांगल्या नोकरीवर आहे आणि चार दिवस सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी लावून बाहेर पडतो. चकली मोडता मोडता तो म्हणाला, “सर, सबंध श्रीलंका बारा दिवसांत पालथी घातली. खर्च किती आला असेल, सांगा पाहू!” मी काही बोलायच्या आत त्यानेच आकडा सांगितला. आकडा खरोखरच लहान होता. मग तो लहान कसा केला याची हकीकत आली. रिक्षावाला आठशे म्हणत होता, त्याला चारशेवर आणले. खोलीवाली बाई चार हजारांवर अडून बसली, तेव्हा पिशवी उचलून निघाल्याचे नाटक केले. तशी तीही खाली आली. शहाळेवाल्यालासुद्धा सोडले नाही. “त्या लोकांचे दिवाळे निघालेय ना सर! अडलेली माणसे, म्हणाल तो भाव देतात.”

हे शेवटचे वाक्य तो हसत हसत बोलला. आमच्या सौभाग्यवतींनी पुढे केलेली करंजीची बशी क्षणभर तशीच हवेत राहिली.

हे त्या एकट्याचे बोलणे असते तर मी कागद काळे केले नसते. पण आज कोणत्याही घरी जा, परदेशाची गोष्ट निघाली की पाहिले काय हे मागे पडते आणि वाचवले किती हे पुढे येते. पूर्वीचे लोक काशीहून गंगेचे पाणी आणीत. आपण हिशेबाची चिठ्ठी आणतो. या स्वस्ताईच्या मर्दुमकीवर कोणीतरी एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. मला मास्तराला तशी सवयच आहे, म्हणून मीच बोलतो.

प्रथम एक सांगून टाकतो. स्वस्त प्रवासाशी माझे वैर नाही. मी स्वतः त्याच पंथाचा. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हिंडायचे तर दुसरा मार्गही नाही. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता दोन पिशव्या खांद्याला लावून याच श्रीलंकेत गेलो होतो. माझ्या वडिलांच्या पिढीने ती लंका रेडिओच्या काट्यावर पाहिली होती. १९५२ पासून बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागे आणि गल्लीतली माणसे एका खिडकीखाली जमत. ती लंका आपण डोळ्यांनी पाहावी, एवढीच हौस.

आणि पाहिली ती तिसऱ्या वर्गातून! आपल्याकडून ‘तिसरा वर्ग’ ही पाटी कधीच पुसली गेली, तिथे ती अजून होती. १८६४ साली त्या बेटावर पहिली आगगाडी धावली. रूळ आपल्यासारखेच रुंद, साडेपाच फुटी. कँडीहून निघालेली गाडी धापा टाकीत पट्टिपोलाला चढते, तेव्हा आपण सुमारे १,९०० मीटर उंचीवर असतो, महाबळेश्वराच्याही पाचशे मीटर वर. भाडे इतके थोडे, की तिकीटबाबूने हिशेबात चूक तर केली नाही ना, असे वाटावे. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी डबा उघडला आणि न विचारता अर्धा आमच्या पुढ्यात ठेवला. इंदिआप्प म्हणजे आपल्या कोकणातले शिरवाळे; पोल सांबोल म्हणजे लाल मिरची घातलेली ओल्या खोबऱ्याची चटणी; परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुराची आमटी. आमच्या घरचे माहेर रत्नागिरीकडचे. तिला तर आत्याकडे आल्यासारखेच वाटले.

भाषेचीही गंमत. सिंहली माणूस मोजतो तेव्हा हत म्हणजे सात, अट म्हणजे आठ, नमय म्हणजे नऊ, दहय म्हणजे दहा. हाताला अत, कानाला कन, गावाला गम. थोरल्या बहिणीला अक्का. आणि आभार मानायचे तर म्हणायचे ‘स्तुती’! हे सारे मला कोणा वाटाड्याने सांगितले नाही. चार तासांत त्या डब्यातल्या माणसांनी शिकवले. बंद काचेच्या थंडगार मोटारीत बसून हे कानावर पडत नाही.

थंड मोटारीचा विषय निघालाच आहे, तर त्या मंडळींचेही दोन शब्दांत उरकतो. सहलीच्या कंपनीबरोबर जाणारे आपले बांधव अशोकवाटिका दहा मिनिटांत पाहतात, रात्री परदेशात वरण-भात मिळाला म्हणून कृतार्थ होतात आणि गावातल्या खानावळीत एक रुपया न टाकता परत येतात. म्हाताऱ्या माणसांना, आजाऱ्यांना तो मार्ग सोयीचा, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण धडधाकट माणसाने सात समुद्र ओलांडून आपल्याच स्वयंपाकघरात जाऊन बसावे याला प्रवास कोण म्हणेल? आणि लंकेला तर सात समुद्रही नाहीत, एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. असो. ते निदान मर्दुमकी सांगत नाहीत.

माझे भांडण आहे ते माझ्याच पंथाशी. आणि त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

हपुतळे नावाच्या डोंगरगावी आम्ही एका घरी खोली मागितली. बाईंनी चार हजार सांगितले. श्रीलंकेचे चार हजार म्हणजे त्या वेळचे आपले अकराशे रुपये, नाश्त्यासकट. खोली स्वच्छ, खिडकीतून खाली दहा मैल दरी. मला भाव पटला होता. तरी जिभेला खाज! “साडेतीन,” मी म्हणालो. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बरे, साडेतीन.” मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षांच्या संसारात या न बोलण्याचा अर्थ मला कळू लागला आहे.

रात्री चुलीपाशी बसून त्या दोघी मोडक्या इंग्रजीत बोलत होत्या. एकमेकींना ‘अक्का’ म्हणत होत्या. मी ऐकत होतो. बाईंचा नवरा कोलंबोत रिक्षा चालवी. २०२२ साल उजाडले आणि देशाच्या तिजोरीतली परकी गंगाजळी आटली. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जे फेडता येत नाहीत असे जाहीर केले. डॉलरला दोनशे रुपये मोजावे लागत, ते काही आठवड्यांत साडेतीनशेच्या वर गेले. २०२१ च्या अखेरीस १७७ रुपये लिटर असलेले पेट्रोल २०२२ च्या जूनमध्ये ४७० रुपये झाले, आणि तेही मिळेना. पेट्रोलच्या रांगांत उभी राहून म्हातारी माणसे मेली. पुढे शिधा ठरला, तेव्हा रिक्षाला आठवड्याला पाच लिटर. पाच लिटरांत रिक्षावाल्याने सात दिवस संसार कसा चालवायचा, याचे गणित मी माझ्या वर्गाला घालू शकत नाही. त्याला उत्तर नाही.

मग बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि मी मास्तर म्हणून हादरलो. त्याच वर्षी मार्चमध्ये कोलंबोकडच्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. का? प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. कागद परदेशातून यायचा आणि डॉलर संपलेले. तिचा मुलगा अभ्यास करून बसला होता. शेवटी बिऱ्हाड मोडून ती माणसे सासूच्या घरी डोंगरावर आली, घरातली बरी खोली पाहुण्यांना देऊ लागली आणि आपण मागच्या पडवीत झोपू लागली.

त्या पडवीच्या भाड्यातून मी पाचशे रुपये कमी करून घेतले होते. आपले एकशे चाळीस. दोन बशा मिसळीचे पैसे! सकाळी मी चार हजार पुढे केले. बाई पाचशे परत देऊ लागल्या, “साडेतीन ठरले होते.” मी म्हणालो, “ठरवले ते चुकले.” त्या हसल्या, मी मात्र त्या दिवशी फारसा बोललो नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य पुन्हा वाचा. “अडलेली माणसे, म्हणाल तो भाव देतात.” हे सावकाराचे वाक्य आहे. दुष्काळात शेतकऱ्याची जमीन निम्म्या भावात लिहून घेणारा हेच म्हणत होता. आपल्या कादंबऱ्यांतून, नाटकांतून आपण त्याला खलनायक केले. आणि पाठीला पिशवी लावली की आपणच त्याचे वाक्य बोलतो, वर त्याला साहस म्हणतो.

यावर म्हणतील, “अहो, बाजारात घासाघीस असायचीच. ते लोकही परदेशी माणूस पाहून भाव वाढवतात.” वाढवतात; मंडईत आपणही वाढवतो. त्याला उपाय सोपा आहे. शेजारच्या प्रवाशाला विचारा, गावचा दर काय. तो दर द्या, एक पैसा जास्त नको. मी भिक्षा वाटायला सांगत नाही. लुबाडून घेऊ नका आणि लुबाडूही नका, इतकेच. पण रास्त भाव कळल्यावरही केवळ समोरचा अडला आहे म्हणून तो आणखी खाली दाबणे, याला घासाघीस हा शब्द फार सभ्य झाला.

दुसरी तक्रार तिकिटांची. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या सिगिरिया किल्ल्यावर चढायचे तर परदेशीयाला तीस डॉलरांच्या घरात तिकीट, स्थानिकाला नाममात्र. केवढा हा अन्याय! म्हणून शहाणे प्रवासी समोरच्या पिदुरंगला टेकडीवर थोडक्यात चढतात आणि तिथून सिगिरियाचे चित्र काढून आणतात. टेकडी सुंदर आहे, जरूर चढा. पण अन्यायाची ओरड कशाला? वेरुळला आपण आपल्या माणसाकडून ४० रुपये घेतो आणि गोऱ्या पाहुण्याकडून ६००. शेजारी देशांना सवलत आपणही देतो, ते आपल्यालाही देतात. आपल्या लेण्यांची निगा त्या पैशांतून होते म्हटले की आपली मान डोलते. सिगिरियाची निगा काय वाऱ्यावर होते?

तिसरी तक्रार तर ऐकवत नाही. “चहाच्या मळ्यात बायकांचा फोटो काढला की पैसे मागतात हो!” मागणारच. त्या बायका तिथे शोभेला उभ्या नाहीत. १८६९ नंतर रोग पडून कॉफी गेली आणि त्या डोंगरांवर चहा आला. दक्षिण हिंदुस्थानातून नेलेल्या तमिळ मजुरांच्या पाठीवर तो वाढला. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या लाखो लोकांचे नागरिकत्व गेले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला: सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख लंकेने ठेवावीत. माणसांची वाटणी भांड्यांसारखी झाली. त्यांच्या नातींची मजुरी २०२१ साली दिवसाला हजार रुपये ठरली. २०२४ च्या भावाने आपले तीनशेसुद्धा नव्हेत. दिवसभर उतारावर उभे राहून, पाठीवर पाटी, पायांवर जळवा. त्या बाईने चित्राबद्दल शंभर रुपये मागितले तर ती लोभी, आणि ते चित्र दाखवून चारचौघांत मिरवणारे आपण रसिक!

शेवटचा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला मान देतो. “मास्तर, आम्हीही काही श्रीमंत नाही. पै पै साठवून निघतो.” मीही तसाच निघालो. पण पै वाचवायला जागा पुष्कळ आहेत. मोटारीऐवजी लाल बसने जा. खोलीत पंखा पुरे, थंड हवेचे यंत्र नको. गावच्या खानावळीत भात-रस्सा खा. बारा दिवसांची ऐपत नसेल तर आठच दिवस जा. हे सारे कापताना कात्री आपल्या सुखावर चालते. रिक्षावाल्याचे भाडे कापताना ती त्याच्या ताटावर चालते. आपल्या आजीने आयुष्यभर काटकसर केली. एकदा नेसलेले लुगडे फाटेपर्यंत नेसली. पण मोलकरणीचे पैसे तिने कधी अडवले नाहीत. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक तिला शाळेत न जाता कळत होता.

त्या दिवाळीनंतर महिन्याहून थोड्या अधिक दिवसांनी, २०२५ च्या नोव्हेंबरअखेर, ‘दितवा’ नावाचे चक्रीवादळ लंकेवर आले. डोंगरांच्या दरडी वस्त्यांवर कोसळल्या, सहाशेंहून अधिक माणसे गेली, आम्ही ज्या रुळांवरून गेलो ते जागोजागी उखडले. हपुतळ्याच्या अक्कांचा फोन नऊ दिवस लागला नाही. दहाव्या दिवशी लागला. माणसे सुखरूप, मागची पडवी मात्र गेली. ज्या पडवीत ती माणसे आपल्या सोयीसाठी झोपत होती, तीच. आमच्या घरून चार पैसे पाठवले. ते किती, हे मी सांगणार नाही. त्याचीही मर्दुमकी नको.

या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले पिशव्या भरत असतील. त्यांना अडवू नका, आनंदाने पाठवा. जमले तर स्वतःही जा. परत आल्यावर मात्र ‘कितीत झाले’ हा प्रश्न मागाहून विचारा. आधी विचारा, कोणाच्या घरी जेवलास, त्यांची मुले काय शिकतात, त्यांच्या भाषेत आभार कसे मानतात.

यंदाही तो विद्यार्थी फराळाला येईल. हा अंक मी त्याच्या हातात ठेवणार आहे. रागावला तर रागावू दे. करंजी मात्र खाऊन जाईल.