संकटभूमीकडे निघणाऱ्यांची शिदोरी

युक्रेनमधील खारकीव्ह शहरात अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना २ मार्च २०२२ रोजी भारतीय दूतावासाने तातडीचा आदेश दिला. शहर ताबडतोब सोडावे, वाहन न मिळाल्यास पायी निघावे आणि सायंकाळी सहापर्यंत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युडोव्हका यांपैकी एखादे ठिकाण गाठावे, असा तो आदेश होता. ही ठिकाणे अकरा ते सोळा किलोमीटर दूर होती. दुसऱ्या दिवशी संरक्षण मंत्रालयाने सूचनापत्रक काढले. दहा-दहा जणांचे गट करावेत, पारपत्र, औषधे, विजेरी आणि रोख रक्कम यांची लहान पिशवी सदैव जवळ असावी, अन्न थोडे थोडे खावे, खुणेसाठी पांढरे कापड बाळगावे, रशियन भाषेतील दोन-तीन वाक्ये पाठ करावीत, लष्करी वाहनांसह छायाचित्रे काढू नयेत, न फुटलेल्या दारूगोळ्याला हात लावू नये, असे त्यात सांगितले होते.

या सूचना योग्यच होत्या. परंतु युद्धाला तोंड फुटले होते ते २४ फेब्रुवारीला. खारकीव्हमध्ये कर्नाटकातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा बळी गेला होता तो १ मार्चला. जो धडा घरून निघण्यापूर्वी द्यावयाचा, तो तोफांच्या आवाजात देण्याची पाळी आली. हे केवळ दुर्दैव नव्हे. ही व्यवस्थेतील उणीव आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. वैद्यकीय प्रवेशाची जीवघेणी स्पर्धा आणि देशातील खासगी महाविद्यालयांचे न पेलणारे शुल्क या कात्रीत सापडलेली मध्यमवर्गीय कुटुंबे आपली मुले परदेशी धाडतात. त्यांत नगर शहरातील नोकरदार आहेत, तसेच संगमनेर-श्रीरामपूरकडील बागायतदारही आहेत. युद्धाच्या त्या दिवसांत या जिल्ह्यातील घरांनीही दूरध्वनीपाशी रात्री जागून काढल्या. पुढे ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेत नव्वद विमानफेऱ्यांनी सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी आणले गेले. ती कामगिरी गौरवास पात्र आहे. तथापि सुटका यशस्वी झाली म्हणून पूर्वतयारीचा प्रश्न सुटला, असे मानणे आत्मवंचना ठरेल.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद काळ युद्धाचा नसून त्यापूर्वीच्या नऊ दिवसांचा आहे. ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे दूतावासाने १५ फेब्रुवारीलाच कळविले होते. २० तारखेला तो सल्ला पुन्हा देण्यात आला. २२ तारखेला तर ऑनलाइन वर्गांविषयी विद्यापीठाच्या निर्णयाची वाट न पाहता निघावे, असे स्पष्ट सांगण्यात आले. तरीही हजारो विद्यार्थी थांबले. हजेरी बुडेल, वर्ष वाया जाईल, भरलेले शुल्क परत मिळणार नाही, ही भीती होती. विमानाची तिकिटेही महागली होती. २४ तारखेला युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि निर्णयाची संधीच संपली.

अर्थशास्त्रात ‘बुडीत खर्च’ नावाची एक साधी संकल्पना आहे. जो खर्च होऊन गेला आणि कोणत्याही मार्गाने परत येणार नाही, त्याला पुढच्या निर्णयात स्थान देऊ नये, असे ती सांगते. वर्गात हा नियम चटकन पटतो. परंतु ज्या बापाने बँकेचे कर्ज काढले आहे किंवा जमिनीचा तुकडा विकला आहे, त्याला ‘पैसे गेले तर जाऊ देत, तू आजच नीघ’ असे मुलाला सांगणे सोपे नसते. मुलालाही बापाचे कर्ज दिसत असते. दोघेही एकमेकांसाठी थांबतात आणि धोका वाढत जातो. म्हणूनच सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ प्रथमोपचाराचा वा तळघरात लपण्याचा नव्हे. कोणती खूण दिसताच निघावयाचे, त्यासाठी कोणती रक्कम बाजूला ठेवावयाची आणि अंतिम शब्द कोणाचा, हे निघण्यापूर्वी घरातच ठरविणे, हा तो पाठ होय.

मोठ्या संस्थांनाही हे शहाणपण किंमत मोजूनच आले. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर झालेल्या बाँबहल्ल्यात २२ जण ठार झाले. त्यानंतर त्या संघटनेने आपली सुरक्षाव्यवस्था नव्याने बांधली. आज तेथील कर्मचाऱ्यांना सुरक्षाविषयक पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करणे बंधनकारक आहे. वृत्तसंस्थाही युद्धक्षेत्रात जाणाऱ्या वार्ताहरांना अशी शिकवण देतात. सांगण्याचा मुद्दा असा की, ज्यांच्या पाठीशी संघटना आहे त्यांना शिकविले जाते. जो स्वतःच्या खर्चाने जातो, त्याला कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे कामगारांसाठी थोडी तरतूद झाली. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याच्या चौकटीत, दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि ठरावीक अठरा देशांत कामासाठी जाणाऱ्या कामगारांकरिता एक दिवसाचे विनामूल्य प्रस्थानपूर्व प्रशिक्षण आखण्यात आले. अवघ्या २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचे अपघाती विमासंरक्षण देणारी प्रवासी भारतीय बीमा योजनाही आली. परंतु विद्यार्थी या चौकटीबाहेरच राहिला. त्याला परदेशी पाठविणाऱ्या मध्यस्थाकडून ही अपेक्षा करावी, तर त्याचे हित प्रवेश विकण्यात असते. वस्तूचे दोष विक्रेत्याने होऊन सांगावेत, अशी आशा कोणतीही बाजारपेठ पुरी करीत नाही. मग सुटकेचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर आणि मध्यस्थाचे कमिशन मात्र खासगी, अशी विषम वाटणी होते.

वास्तविक ही उणीव भरून काढण्याची सामग्री या जिल्ह्याच्या दारातच आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर या दोन्ही लष्करी संस्था नगरलाच आहेत. काश्मीर आणि ईशान्य भारतात सेवा केलेले निवृत्त जवान गावोगाव आहेत. गोळीबाराचा आवाज कोणत्या दिशेने येतो, नाक्यावर पहारेकऱ्यासमोर हात कसे ठेवावेत, रक्तस्राव कसा थांबवावा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, महाविद्यालयांतील एनसीसी आणि शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँका यांनी मनावर घेतल्यास विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी दोन दिवसांचा वर्ग भरविणे अवघड नाही. कर्जाच्या रकमेतच परतीच्या तिकिटाचा राखीव हिस्सा धरावा आणि कर्जवितरणापूर्वी असा वर्ग पूर्ण झाल्याचा दाखला पाहावा, एवढी अट बँकांनी घातली तरी मोठे काम होईल.

अशा शिक्षणाने धोका नाहीसा होतो, असे मात्र कोणी समजू नये. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांत सहा महाराष्ट्रातील होते. तेथे सहलीला गेलेल्या माणसाने काय शिकून जावयाचे होते? नागरिकाच्या रक्षणाची जबाबदारी प्रथम शासनाची आहे आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली ती त्याच्याच गळ्यात बांधता येणार नाही. अर्धवट शिकवणीने फाजील आत्मविश्वास वाढण्याचा संभवही आहे. परंतु या मर्यादा चांगल्या शिक्षकाची गरज सिद्ध करतात. शिक्षणच नको, असे त्यांवरून ठरत नाही.

मूल परगावी निघाले की शिदोरी बांधून देण्याची आपली जुनी रीत आहे. आता प्रवास लांबचा झाला आहे आणि वाटेतील संकटेही बदलली आहेत. शेवचिवड्याच्या डब्यासोबत आणखी एक गोष्ट मुलाला द्यावी लागेल. धोका दिसताच सर्व काही टाकून परत ये, घरी कोणी हिशेब विचारणार नाही, हे अभय त्याला निघतानाच मिळाले पाहिजे. ते देण्याचे धैर्य पालकांत आणि ते देता यावे अशी तरतूद करण्याची दूरदृष्टी शासनात व बँकांत येईल, तेव्हाच त्या नऊ दिवसांचा धडा आपण शिकलो, असे म्हणता येईल.